पांढरी तीन

धाकट्याने जाड तारेचं उरलेलं टोक पक्कडीने तोडलं आणि सहावी खुंटी पिळत आणली. तार बोलू लागली तसा त्याने गिटारच्या लाकडाला कान टेकवला. बस, इथेच. पांढरी एकच्याही अर्धा स्वर खाली.

दोघा भावांना लहानपणी पट्ट्या पेटीवर शिकवल्या होत्या. पुढे रॉकचं वेड लागलं, इलेक्ट्रिक गिटार आली, तरी हिशेब पेटीचाच राहिला. दादाचा आवाज मुळात पांढरी तीनचा. सहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात, त्यांच्या सगळ्यात लाडक्या गाण्यातल्या शेवटच्या आरोळीला तो फाटला आणि नंतर तीन दिवस दादा घरात कुणाशी बोलला नाही. पुढच्या रविवारी धाकट्याने काही न सांगता सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या. काळी दोन. आरोळी लागली.

"बघ, घसा बसला होता नुसता," दादा खुशीत म्हणाला होता.

मग पांढरी दोन. मग काळी एक. गेल्या वर्षी पांढरी एक. बोटांच्या जागा त्याच, गाणं तेच. तारा मात्र इतक्या सैल पडल्या की पडद्यांवर फडफडायला लागल्या. म्हणून आज हा जाड संच. दुरुस्तीवाल्याने देताना बजावलं होतं, "खालच्या पट्टीतच ठेवा. ह्या तारा पूर्ण चढवल्यात तर म्हाताऱ्या गिटारची मान जाईल."

धाकट्याला ते ऐकूनच कसंतरी झालं होतं. बाविसाव्या वर्षापासून ही गिटार त्याच्या मांडीवर होती. कोपर टेकतं तिथला लाल रंग जाऊन खालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. पुसायलासुद्धा तो ती कुणाच्या हातात देत नसे.

उद्या सकाळी दादाला दवाखान्यात दाखल करायचं होतं. परवा स्वरयंत्र काढणार होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

वहिनी पिशवीत टॉवेल भरत होती.

"तुमचा तो अॅम्प तापला की जळका वास सुटतो. खिडकी उघडा."

"वास नाही, सुगंध आहे," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हो, दोघांच्या अकलेचा." ती हसली आणि पिशवी उचलून घाईने बाहेर गेली.

दादा खाटेच्या कडेला येऊन बसला.

"लावलीस?"

"लावली."

"कुठे?"

धाकट्याचा हात खुंटीवर थबकला. सहा वर्षांत हा प्रश्न आला नव्हता.

"नेहमीच्याच ठिकाणी. पांढरी तीन."

दादाने मान हलवली. खिशातून घडी केलेला रुमाल काढून त्याने मांडीवर उलगडला. आत नादकाटा होता. दांड्यावरचा तिरका ओरखडा धाकट्याने लगेच ओळखला. पूर्वी प्रत्येक तालमीआधी दादा तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा, गिटार पडताळायचा आणि मगच तोंड उघडायचा. सहा वर्षांपूर्वी तो हरवला. दोन दिवस सगळं घर शोधत होतं. धाकट्यानेही शोधला होता, सापडू नये म्हणत.

"हा... सापडला?"

"हं."

काट्यावर धूळ नव्हती.

दादाने तो गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा गिटारच्या अंगावर टेकवला. स्वर लाकडात भरला, धाकट्याच्या छातीला लागला. तो विरायच्या आत दादाने पाचवी तार छेडली; तीही त्याच स्वराची हवी होती. ती कुठेतरी खोल, तळघरातून बोलावी तशी बोलली.

"चढव," दादा म्हणाला.

"आवाज फाटेल, दादा."

"फाटू दे. परवानंतर शिवून ठेवून करायचंय काय?"

धाकट्याने गिटार छातीशी ओढली.

"तारा जाड आहेत. मान जाईल हिची."

दादा गिटारकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या झिजलेल्या कडेवर बोट फिरवलं.

"मग राहू दे," तो म्हणाला आणि रुमालाची घडी घालायला लागला.

एक घडी. दुसरी. तिसरीला खुंटीची कुरकुर ऐकू आली.

पांढरी एक. काळी एक. धाकटा एकेक तार वर आणत होता आणि प्रत्येक पट्टीनंतर अंगठा गिटारच्या मानेवरून फिरवत होता. पांढरी दोन. काळी दोनला आत कुठेतरी लाकूड कडकन वाजलं.

वहिनी दारात आली. "काय मोडलं?"

दादाने नादकाटा पुन्हा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला होता. डोळे मिटलेले. दुसऱ्या हाताचं बोट त्याने वर केलं. अजून थोडं.

धाकट्याने गिटारच्या मानेखाली तळहात दिला, तान्ह्या मुलाला देतात तसा, आणि खुंटी पिळली.