आतून चकाचक

अमरनाथ सरांनी कागदावर अंतर्गोल आरशाची आकृती काढली, आणि मागच्या पडद्यावर त्या आकृतीच्या मधोमध एक पांढरा चंद्र उगवला.

लातुरातला क्लास. रिपीटर बॅच, हॉल गच्च भरलेला. मागून कुणीतरी विचारलं, "सर, ही प्रतिमा खरी का आभासी?" सगळा हॉल हसला. अरीबही हसला. मग त्याला आठवलं, कॅमेरा आपण बनवलाय.

तसा साधाच कॅमेरा. सर टेबलावर कागदावर लिहिणार, कॅमेरा ते बघणार, शेवटच्या बाकावरच्यालाही पडद्यावर दिसणार. बंद पडलेल्या सीसीटीव्हीतला सेन्सर, बुडालेल्या फोटो स्टुडिओतली लेन्स, आणि दोन्हीच्या मधे अरीबनं स्वतः डिझाइन केलेली नळी. शिकला होता व्हिडिओ बघून. 'डिझाइन' हा शब्द तो फार जपून वापरायचा. म्हणजे दर दोन वाक्यांनी एकदा.

चंद्र दिसल्यावर त्यानं आधी ट्यूबलाइटला दोष दिला. ट्यूब बंद केली. चंद्र गेला, सोबत कागदही अंधारात गेला. मग सरांच्या घड्याळाला दोष दिला. सरांनी निमूट घड्याळ काढून ठेवलं. चंद्र तिथंच. मग अरीबची नजर हळूच सरांच्या टकलाकडं गेली.

"हे काढून ठेवता येत न्हाई," सर म्हणाले.

रविवारी डागाशिवाय आण, नाहीतर मी बाजारातला घेतो, असं सांगून सरांनी त्याला वाटेला लावलं.

बाकीच्यांसाठी ही एका कॅमेऱ्याची गोष्ट होती. अरीबसाठी नांदेडची होती. नीट त्यानं दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळेस ती नीट गेली नव्हती. त्याचे अब्बा खाजामियाँ, उदगीरला घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांनी शेवटचं सांगितलं होतं, "सरांनी तुझा डबा घेतला तर ठीक, कर काय करायचं ते. न्हाई घेतला तर सोमवारी नांदेड. रिपीटर बॅच. होस्टेल बी बघून ठेवलंय." डबा म्हणजे कॅमेरा. डिझाइन वगैरे शब्द अब्बांपर्यंत पोचले नव्हते.

उदगीरला आल्या आल्या अरीबनं प्रयोग सुरू केले.

"त्याला टोपी घाल की, ऊन लागतंय त्याला," बहीण नाझनीन म्हणाली. ती चेष्टा करत होती. अरीबनं खरंच पुठ्ठ्याची टोपी घातली. चंद्र अर्धा झाला, पण कागदाचे कोपरेही टोपीत गेले. टोपी तोकडी केली तर चंद्र परत पुरा. मग त्यानं नळी आतून काळी करायचं ठरवलं आणि घरात सगळ्यात काळं काय आहे ते शोधलं.

"अम्मी, यानं माझं काजळ पळवलं! नवं होतं गं ते!"

काजळ फुकट गेलं. काळं झालं, पण तुपकट. नवी काळी बुलेट चमकते तशी नळी चमकायला लागली. बाजूनं घासत येणारा उजेड काळ्यावरूनही घसरतो, हे त्या दिवशी अरीब शिकला आणि नाझनीनच्या शिव्याही शिकला.

शेवटी वैतागून त्यानं सेन्सर उचकटला आणि त्याच्या जागी आपला डोळा लावला. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं, पण पहिल्या दिवशी तो शोध लावत होता. डोळा लावल्यावर सेन्सरला काय दिसतं ते दिसलं. दारातला उजेड तिरका आत घुसत होता, नळीच्या भिंतीवरून घसरत सरळ बुबुळात. काजळ पुसून पाहिलं तर नळी आतून लग्नात मिळालेल्या तांब्यासारखी लखलखत होती.

हे लखलख कुणी केलं? अरीबनंच.

सरांची एक अट होती, डोक्यावर लोखंड टांगायचं न्हाई. किल्लारीच्या भूकंपात सर नऊ वर्षांचे होते, कोसळलेल्या माळवदाच्या मातीखालून त्यांना ओढून काढलं होतं. अजूनही ते पंख्याखाली बसत नाहीत, खुर्ची सरकवून घेतात. म्हणून कॅमेरा छताला न टांगता टेबलाच्या बाजूला, दांडीवर, तिरका. म्हणून नळी हलकी, ॲल्युमिनियमची. इथपर्यंत अरीबचं डोकं ठिकाणावर होतं. पण तिरकं म्हटलं की ट्यूबचा उजेडही बाजूनं येणार, हे त्या डोक्यात आलं नाही. त्यात एवढंच आलं की नवी वस्तू चकाचक पाहिजे. "आतून बी, काका, आतून बी," करत त्यानं लेथवाल्या मलप्पाकडून तासभर पॉलिश मारून घेतली होती.

तो परत मलप्पाकडं गेला.

"काका, ही खराब करून पाहिजे."

मलप्पानं लेथ बंद केला. "काय म्हनला?"

"आतून आटे पाडा. नटाला असतात तसे. बारीक, धारदार."

"आत काय बसवनार?"

"काही न्हाई."

"कायी बसवायचं न्हाई आन आटे पाडायचे." मलप्पानं नळी उजेडात धरली. पोरीला सासरी धाडताना बघावं तसं बघितलं. "तम्मा, या पॉलिशपायी बोट सुजलं माझं. अब्बाला ठावं हाय का तू काय करून राहिलास?"

"गुळगुळीत भिंतीवरून उजेड घसरत आत जातो काका. आटे असले की खाचेखाचेत अडकून मरतो."

"उजेड अडकून मरतो व्हय?"

"हाव."

"तू नीटच दे बाबा परत," मलप्पा म्हणाला. पण आटे पाडून दिले. नळीच्या तोंडाशी एक वायसर, भोकाची चकती, बसवला, त्याची आतली कड घासून पात्यासारखी पातळ केली, कारण जाड कडेवरूनही उजेड उडतो. अरीबनं आतून फळ्याचा काळा रंग मारला, न चमकणारा.

अब्बांनी डोळ्याला भिंग लावून नळीत बघितलं. "हे कुणी बिघडवलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"हाव, अब्बा."

अब्बांनी भिंग काढलं, फोन उचलला आणि नांदेडच्या होस्टेलात खाट पक्की केली.

रविवारी लातुरात सगळ्या ट्यूब चालू. सरांनी आरसा काढला, किरण काढले, नाभी काढली. पडदा स्वच्छ. फक्त वरच्या कोपऱ्यात, पावडर सांडावी तसा फिकट डाग.

"मग काय होतं?" सरांनी विचारलं. "घड्याळ का टक्कल?"

अरीबकडं एक उत्तर तयार होतं, त्यात व्होल्टेज होतं. पण हॉलभर पोरं बघत होती, आणि त्यातल्या निम्म्यांना व्होल्टेज त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"मीच होतो सर. आतून पॉलिश मारली होती."

"म्हणजे फालतू उजेड अडवायला नळी केली, आन नळीचाच आरसा केलास."

"हाव सर."

हॉल कोसळला. हसण्यानं. सरांनी हसू संपू दिलं. "कोपऱ्यात अजून थोडा हाय."

"हाय सर. वायसरची कड अजून पातळ करावी लागंल. तिथं तुम्ही काही लिहिता का?"

"तारीख लिहितो." सरांनी डागाकडं पाहिलं, मग कागदाकडं. "खाली लिहीन. कॅमेरा ऱ्हाऊ दे इथंच."

अरीबनं बाहेर येऊन फोन लावला. "अब्बा, घेतला."

पलीकडं अब्बांनी हातातलं घड्याळ खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी तर खाट पक्की केली."

"मग रद्द करा ना." अब्बांनी फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी त्यांचाच परत आला.

"रद्द करायलाच लावला होता फोन. नांदेडचे सर म्हणले, का? मी म्हणलं, पोराचा क्यामेरा लातूरवाल्यांनी घेतला. ते म्हणले, आमच्या हॉलचं बी माप घ्यायला पाठवा." अब्बा खाकरले. "सोमवारी नांदेडला जायचंच हाय तुला."

सोमवारी नांदेडला, क्लासच्या गेटवर, वॉचमननं विचारलं, "रिपीटर?"

"हाव," अरीब म्हणाला. सवयीनं.

वॉचमननं रांग दाखवली. अरीब रांगेत जाऊन उभा राहिला. पुढच्या पोराशी कटऑफवर बोलला, मागच्याची जागा धरून ठेवली. पार खिडकीपर्यंत पोचल्यावर आतल्या बाईंनी विचारलं, "कितवा अटेंप्ट?"

"तिसरा," म्हणाला, आणि तेव्हा कुठं भानावर आला. "न्हाई न्हाई मॅडम! मी माप घ्यायला आलोय."

बाईंनी मानही वर केली नाही. "ड्रेसचं माप पलीकडच्या खिडकीत."