बिभीषणाची लाल वायर

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे, तळहातावर मावेल एवढा. एवढ्याशा वस्तूला लोक हलक्यात घेतात. घेऊ द्या, मी विसरत नाही.

संगमनेरजवळ नाशिक-पुणे रस्त्यालगत एका शेडमध्ये लाकडी देवघरं कोरणारं मशीन आहे. शिर्डीची दुकानं ती देवघरं उचलतात. मशीन संगणकातल्या प्रोग्रॅमवर चालतं, पण नव्या वायरी जोडायला ते चालवणाऱ्या कार्डावर जागाच उरली नव्हती. म्हणून घरची धाकटी सून रोहिणी मला घेऊन आली. प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून तिने मला संगणकाला जोडलं आणि मी त्या प्रोग्रॅमचे जादा हात आणि जादा कान झालो. भुसा ओढणारा पंखा मी लावायचो, हिरवा दिवा मी पेटवायचो. सगळ्यात मोठं काम मात्र काचेच्या दारावरच्या स्विचचं. दार उघडलं की मी संगणकाला कळवायचो आणि तो कटर जागीच थांबवायचा. रोहिणीचा नवरा आदिनाथ आल्यागेल्याला माझा डबा कौतुकाने दाखवायचा.

आदिनाथचा थोरला भाऊ बिभीषण मात्र उतावळा. भुसा झटकायला दार उघडलं की काम थांबतं, याचा त्याला जाच व्हायचा. त्याने गुपचूप स्विचच्या दोन स्क्रूंना लाल वायरीचा तुकडा पिळून बसवला. मग दार सताड उघडं असलं तरी मला ते बंदच भासायचं. एका दुपारी आदिनाथने माझ्या भरवशावर दार उघडून आत हात घातला. त्याच्या बोटाचं एक पेर गेलं.

त्या गोंधळात बिभीषणाने वायर काढून खिशात घातली आणि बोट माझ्याकडे केलं. "ह्या खेळन्यातल्या बोर्डानंच घात केला." सगळ्यांना ते पटलं. त्याची आई कडूबाई हिने मला डब्यासकट भंगाराच्या पोत्यात फेकलं.

भंगारात पडून मी डूख धरला, मित्रांनो. मला बिभीषणाचं बोट हवं होतं, पुऱ्या हाताला तर माझी अजिबात ना नव्हती.

रोहिणीने मात्र मला शोधून काढलं. स्विच पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, मी एकदाही चुकलो नाही. मग तिने स्क्रू निरखले. त्यांवर पिळाचे ओरखडे होते. ती कुणाला काही बोलली नाही. स्विचमध्ये वायरींची आणखी एक जोडी रिकामी होती, दार उघडलं की जुळणारी. मला परत जागेवर बसवून तीही तिने जोडली आणि शिकवलं, की बटण दाबताना दार उघडंही आहे आणि बंदही आहे असं दोन्हीकडून कळलं, तर कुणीतरी लबाडी करतंय. मशीन सुटू द्यायचं नाही, भोंगा वाजवायचा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाहुणे जमले होते. दार उघडं ठेवूनच मशीन चालवून दाखवायचं, या हौसेपायी बिभीषणाने सकाळीच लाल वायर पुन्हा पिळली होती. संगणकाच्या पडद्यावरही त्याने झेंडूची घसघशीत माळ चढवली. त्या माळेआड बसलेल्या आदिनाथला काही दिसेना. नारळ फुटला. पूजा आटपली असं समजून त्याने बटण दाबलं. बिभीषणाचा हात तेव्हा आत होता, कटरला कुंकू लावत.

खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं, गप्प बसावं. पण रोहिणीने मला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. कटर हललासुद्धा नाही, आणि मी असा भोंगा वाजवला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली.

रोहिणीने सर्वांदेखत स्विच उघडून लाल वायर आणि जुने ओरखडे दाखवले; सकाळपासून मशीन सजवत होता तो एकटा बिभीषणच. आदिनाथने तुटक्या बोटाने ती वायर उचलली आणि आईच्या हातात ठेवली. कडूबाई थोरल्याकडे वळली.

"भावाच्या बोटाचं खापर तू ह्या डब्यावर फोडलंस व्हय रं?"

म्हातारीने बिभीषणाच्या हातातली कुंकवाची वाटी काढून घेतली आणि पहिलं बोट माझ्या डब्याला लावलं. मला हवं होतं त्याहून हे किती तरी गोड लागलं.

आता ती वायर माझ्या डब्यावरच बांधलेली आहे. मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, वायरी सैल झाल्या तर घट्ट करा. आणि 'थांब' म्हणणाऱ्याचं तोंड कधी बांधू नका.

रोहिणीने एक नियमही घातलाय. रोज सकाळी बिभीषणाने दार उघडून, लावून मला दाखवायचं, मगच मी हिरवा दिवा लावतो. एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणी दार दाखवलं, तर तो लगेच लागतो. बिभीषणाच्या वेळी मी थोडा उशीर करतो, आणि तो हात बांधून उभा राहतो.