यंत्राला लावलेली तीट

अशी कल्पना कर, की तू शाळेच्या मिनीबसमध्ये आहेस. जागा ड्रायव्हरच्या अगदी मागची. दुपारचे तीन वाजलेत, खिडकीतून गरम वारा येतोय. आता डोळे मिट आणि सावकाश मोज: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. उघड डोळे. तीन सेकंद झाले. बस काही फार वेगात नव्हती, ताशी चाळीसच. तरी तेवढ्यात ती तेहेतीस मीटर पुढे गेली. अशा चार बस एकीमागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढी.

तू डोळे मिटलेस म्हणून काही बिघडलं नाही. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं, त्यानं मिटले असते तर?

पाचवीतली जिज्ञासा रोज दुपारी हेच मोजत असे. ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठा आरसा असतो ना, आतली मुलं दिसायला? त्या आरशात ती ड्रायव्हरचे डोळे बघायची. ड्रायव्हर होता भूपेश, तिचा बाबा. सकाळी पालेगाव-अंबरनाथची चौदा मुलं घेऊन बदलापूरच्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची, हे त्याचं काम.

असं मोजण्याचं काम खरं तर तिचं नव्हतं. त्यासाठी गाडीत एक यंत्र होतं.

जूनमध्ये मालकांनी सगळ्या बसमध्ये ते बसवून घेतलं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका गल्लीत धर्मराजचं छोटं वर्कशॉप होतं, तिथं. जिज्ञासा बाबाबरोबर गेली होती. धर्मराजनं स्टिअरिंगच्या मागे काडेपेटीएवढी काळी डबी चिकटवली आणि म्हणाला, "भूपेशभाऊ, लग्नानंतर पहिल्यांदाच कोणीतरी तुमच्याकडं एवढं टक लावून बघणार आहे बरं का!"

"बगू दे," बाबा म्हणाला. "आपला चेहरा हाय बगण्यासारखा."

"फोटो काढतं का ते?" जिज्ञासानं विचारलं.

"बघायला कॅमेरा आहे. पण त्याला तुझ्या बाबाचं रूप नको असतं, मापं हवी असतात." धर्मराज तिच्याशेजारी बसला. "चेहऱ्यावर ते मनातल्या मनात अडुसष्ट ठिपके मांडतं. रांगोळी काढताना तू मांडतेस तसे. त्यातले सहा एका डोळ्याभोवती, सहा दुसऱ्याभोवती. वरच्या पापणीचा ठिपका खालच्या पापणीपासून किती लांब आहे, ते सारखं मापत राहायचं. ठिपके जवळ आले म्हणजे डोळा मिटला."

"पण पापणी तर सगळ्यांचीच लवते. मग ते दिवसभर बोंबलत बसेल."

"आयला, पोरगी डोक्यानं चालते, भाऊ! पापणी लवणं म्हणजे किती? सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत खेळ खतम. म्हणून मिटलेला डोळा दोन सेकंद उघडला नाही, तरच लाल दिवा आणि भोंगा. शिवाय दर मिनिटाला बेरीज: या मिनिटात डोळे किती वेळ मिटलेले होते, जांभया किती, मान किती वेळा पडली."

"आणि अंधारात?"

धर्मराजनं आपल्या मोबाइलचा कॅमेरा चालू करून डबीसमोर धरला. डबीवर नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण मोबाइलच्या पडद्यावर दोन बारीक जांभळे दिवे लुकलुकत होते. "हा उजेड आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. तो चेहऱ्यावर पडून परत आला की झालं. म्हणून रात्रीही चालतं. फक्त काचेसमोर काही येता कामा नये. हिरवा दिवा म्हणजे चेहरा दिसतोय. पिवळा म्हणजे दिसत नाही, काचेवर धूळ असेल. महिन्याअखेर मी सगळ्या गाड्यांच्या काचा पुसायला येतोच."

"आणि लाल?"

"फक्त लाल झाला की ऑफिसात किर्तीमॅडमना कळतं. त्या लगेच फोन करतात. कधी यंत्रही चुकतं, ऊन समोरून आलं तर चुकतं. तसं असेल तर सांगायचं, त्या खोडून टाकतात. पण महिन्यात तीन खरे लाल झाले, की तो ड्रायव्हर बसवरून खाली. मालकांचा नियम आहे."

पहिला लाल दिवा नोव्हेंबरच्या चार तारखेला लागला. दुसरा एकवीस तारखेला.

"यंत्र खोटारडं हाय," बाबा घरी येऊन म्हणाला. "रात्री नवाला आडवा होतो, पाचाला उठतो. आठ तास झोपनारा मानूस दुपारी झोपंल कशाला?"

बाबा खोटं बोलत नव्हता. तो खरंच आठ तास झोपायचा आणि असा घोरायचा, की आई त्याला थट्टेनं 'डंपर' म्हणायची. मधेच घोरणं एकदम बंद पडायचं, अगदी चिडीचूप. मग मोठा आचका देऊन पुन्हा सुरू व्हायचं. घरातले हसायचे. काय गाढ झोपतोय, म्हणायचे.

ती गाढ झोप नव्हती, हे तुला आत्ताच सांगायला हवं. काही माणसांचा घसा झोपेत आतून मिटतो. श्वास अडकतो. मग मेंदू दचकून त्या माणसाला क्षणभर जागं करतो, इतकं थोडं, की सकाळी त्याला आठवतही नाही. रात्रीत असं शेकडो वेळा होतं. आठ तास अंथरुणात, पण झोप तुकड्यातुकड्यांत. हा आजार आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय आहे. पण त्या घरात तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हतं. यंत्र खरं बोलत होतं, आणि बाबाही.

दुसऱ्या लाल दिव्यानंतरच्या सोमवारी सकाळी तुळशीआजी, बाबाची आई, अंगणात आली. बस तिथंच उभी असायची. आजीनं मुलावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मग पायरीवर चढून आत डोकावली.

"दिसभर माजे पोराचे तोंडाकरं बगतंय ह्यो डोला. म्हनून त्याला ग्लानी येते. मानसाची लागते, मग याची नाय लागनार?" असं म्हणून तिनं बोटावर काजळ घेतलं आणि डबीच्या काचेवर चांगली पावलीएवढी तीट लावली. तान्ह्या बाळाच्या गालावर लावतात, तशी.

हिरवा दिवा विझला. पिवळा लागला.

"आजी, त्याला आता दिसणार नाही," जिज्ञासा म्हणाली.

"नकोच दिसू दे."

जिज्ञासानं रुमाल काढला, तेव्हा बाबानं तिचा हात धरला. आवाज हळू होता. "र्‍हाऊ दे. आयनं लावलंय."

"पण बाबा..."

"सात दिवस हायेत, जिज्ञा. एक तारखेला मोजनी परत शून्यावर. आईची तीट पुसली नाय म्हनून मला कोन बोलनार?"

"तुम्ही खरंच झोपता, बाबा. मी आरशात बघते. शुक्रवारी दोन मोजले, मग भोंगा वाजला."

"तुला काय कलतं त्यातलं?" तो एकदम ओरडला. मग त्यानं समोर हात केला. आजोबांच्या भातखाचरांच्या जागी सोळा मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या. "ही चावी हाय म्हनून मी ड्रायव्हर हाय. ही गेली तर कोन मी? त्या टावरखाली शिट्टी फुकनारा वाचमन. पोरं 'भूपेशकाका' म्हनतात, ते कोन म्हनंल मग?"

जिज्ञासानं रुमाल परत खिशात ठेवला. तिला बाबा हसताना आवडायचा. चावी बोटाभोवती फिरवत 'चला रे बेडकांनो' म्हणणारा बाबा.

म्हणून तिनं ठरवलं, की आता यंत्र आपणच व्हायचं.

सोमवारी परतीच्या वाटेवर ती सतरा ते तेविसाचे पाढे मोठ्यानं म्हणत राहिली. मंगळवारी बाबाला कोडी घातली. "बाबा, सांगा ना! झोपलात?" "नाय गो, ईचार करतंय." बुधवारी कोडी संपली, तेव्हा तिनं भांडण काढलं, कारण भांडताना माणूस झोपत नाही. दर पाच मिनिटांनी ती आरशात बघायची. पापण्या जड झाल्या की मागून खांद्यावर चिमटा काढायची. मैत्रिणी हाका मारायच्या, तिला मागं वळता यायचं नाही. घरी गेल्यावर तिला जेवण जायचं नाही. आईनं विचारलं, तर म्हणायची, परीक्षा आहे.

आणखी तीन शाळेचे दिवस. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

गुरुवारी सकाळी ती उठली, तर तिचा आवाज गेला होता. घशातून नुसती हवा येत होती.

दुपारी शाळा सुटली. चौदा मुलं बसली. मुलांना चढवणारी-उतरवणारी बकुळाताई सगळ्यात मागं होती. बालवाडीतल्या एकाला उलटी झाली होती, ती त्याला मांडीवर घेऊन बसली. बस काटईच्या रस्त्याला लागली. हा रस्ता टँकर आणि ट्रकांचा. ऊन पाठीमागून येत होतं, इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. जिज्ञासानं पाढा म्हणायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. टाळ्या वाजवल्या, तर मागची मुलंही खेळ समजून टाळ्या वाजवू लागली आणि थोड्या वेळानं कंटाळून थांबली.

आरशात बाबाच्या पापण्या खाली आल्या.

एक हजार एक. तिनं चिमटा काढला. त्यानं खांदा झटकला. पापण्या वर गेल्या, पुन्हा खाली आल्या.

जागा माणूस स्टिअरिंग सतत थोडं थोडं हलवत असतो, त्याच्या नकळत. गाडी सरळ जाते ती त्यामुळेच. आता बाबाचे हात हललेच नाहीत. बस हळूहळू उजवीकडे सरकू लागली. एक हजार दोन. समोरून टँकर येत होता. एक हजार तीन. टँकरचा हॉर्न इतका मोठा झाला, की मागं सगळी मुलं किंचाळली. बाबानं आचका देऊन स्टिअरिंग फिरवलं. बकुळाताईचा पाण्याचा कॅन गडगडत पुढं आला.

"काय झालं हो?" बकुळाताई ओरडली.

"काय नाय, खड्डा होता!"

खड्डा नव्हता. जिज्ञासानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, थांबवा. पाया पडते, थांबवा."

"धा मिन्टं राहिलीत गो."

दहा मिनिटं. तिनं मनात गणित केलं आणि अर्ध्यातच सोडलं. मिनिटात साठ सेकंद, आणि टँकर अंगावर यायला तीनच पुरले होते. पुढं शिवमंदिराकडे जाणाऱ्या वळणावर दुपारीही माणसं असतात, रस्ता ओलांडणारी. तिनं मागं पाहिलं. ज्याला उलटी झाली होती, तो आता झोपला होता. त्याचा एक बूट निघाला होता.

आरशात पापण्या पुन्हा खाली येऊ लागल्या.

तिनं पाण्याच्या बाटलीत रुमालाचं टोक बुडवलं, दांडा धरून उभी राहिली आणि वाकून डबीवरची तीट पुसली. काजळ पसरलं. पुन्हा पुसली. बाबानं तिचा हात पाहिला, "नको, जिज्ञा, नको," एवढं म्हणाला, आणि ते म्हणतानाही त्याचे डोळे मिटत होते.

पिवळा दिवा विझला. हिरवा लागला.

एक हजार एक. एक हजार दोन.

लाल. भोंगा असा वाजला, की जिज्ञासानंही कान झाकले. बाबा ताठ झाला, त्यानं ब्रेक दाबला आणि बस रस्त्याच्या कडेला धुळीत उतरून थांबली. मागं दोघं-तिघं रडत होते. बाबा समोरच्या काचेतून बघत होता. कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसत नव्हता.

फोन वाजला. पडद्यावर किर्तीमॅडमचं नाव होतं. बाबानं तो जिज्ञासाच्या हातात दिला.

"सांग, ऊन समोरून आलं," तो म्हणाला. "सांग गो बाय. खोडतील त्या. तीनच दिवस राहिलेत. आता माझी झोप उडाली, शप्पत, सगल्यांना नीट घरी सोडतो."

"हॅलो, भूपेशभाऊ? तिसरा लाल आलाय. ऊन आहे का? हॅलो, कोई है?"

ऊन पाठीमागून येत होतं. बाबाचा चेहरा सावलीत होता.

जिज्ञासानं फोन ओठांना अगदी चिकटवला, कारण तिच्याजवळ फक्त हवा होती. "मॅडम, मी जिज्ञासा. ऊन नाहीये. बाबा झोपले होते. आधी पण झोपले, तेव्हा मी तीन मोजले. तेव्हा तुमच्या यंत्रावर तीट होती. बाबा रात्री पण आठ तास झोपतात, तरी गाडीत झोपतात. त्यांना काहीतरी झालंय. दुसऱ्या ड्रायव्हरला पाठवा."

बाबानं तोंडावर हात घेतले. त्याच्याकडे बघितलं तर आपल्याला जमणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं त्याच्याकडे न बघता वाकून स्टिअरिंगशेजारची चावी फिरवली, काढली, आणि रडणाऱ्या मुलांमधून वाट काढत सगळ्यात मागं जाऊन बकुळाताईच्या हातात दिली.