चंद्र बंद कर

कॉलेजात तिला सगळे दिवटी म्हणत. अ‍ॅनिमेशनच्या वर्गात चित्रातल्या उजेडाचं काम तिचं, आणि एकदा त्याला बसली की तिला तहानभुकेचं भान राहायचं नाही. तिचा जोडीदार कात्री. तो एडिटिंग करायचा आणि कुणी अर्धा सेकंद जास्त मागितला की किडनी मागितल्यासारखा चेहरा करायचा.

दोघांनी मिळून एका टॉर्चची छोटी जाहिरात केली होती. अंधाराला घाबरणारं हत्तीचं पिल्लू टॉर्च घेऊन पाणी प्यायला जिना उतरतं, एवढीच गोष्ट. संध्याकाळी सभागृहात सगळ्यांच्या जाहिराती दाखवणार होते आणि दिवटीची आई यायची होती. आईला लेकीचं काम कधी उमगलंच नव्हतं. "चित्र एक काढतो, दुसरा कापतो, मग तू तिथे काय दिवे लावतेस?" असं ती विचारायची, आणि तेही अगदी मनापासून. दिवटीला ते फार लागायचं. आज जिन्याचा शॉट आला की आईला कोपराने ढोसून ‘हा खिडकीतला चंद्र माझा’ म्हणायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

दुपारी न राहवून तिने त्या शॉटचा फोटो आईला पाठवला. लगेच फोन आला.

"छान आहे गं. पण टॉर्चवरचं नाव कुठल्या भाषेत आहे?"

दिवटीने पडद्याकडे पाहिलं. नाव आरशात दिसावं तसं उलटं होतं.

झालं होतं असं, की बाकी सगळीकडे पिल्लू डावीकडून उजवीकडे चालायचं आणि जिन्यावर मात्र विरुद्ध दिशेने. म्हणून कात्रीने तो शॉटच आरशासारखा फिरवून टाकला. त्यामुळे चंद्र भलत्या बाजूला गेला, तर दिवटीने खपून बाकीच्या शॉट्समधले चंद्रही हलवले. दोघांनी डोळ्यांत तेल घालून सावल्या तपासल्या. नाव मात्र एकानेही वाचलं नाही.

"मूळ टॉर्चवर नाव उलटं चिकटवू," कात्री म्हणाला. "फिरवलं की सुलट दिसेल."

"आणि शॉट पुन्हा तयार व्हायला रात्र होईल, त्याचं काय?"

"तुझे दिवे किती आहेत त्यात?"

"अकरा."

"अकरा! जिना आहे की दागिन्यांचं दुकान?"

ती चिडली. पण दिवे कमी केले तर संगणकाचं काम लवकर उरकेल, हे तिला त्याच्या आधी कळलं होतं. ती एकेक दिवा काढत गेली. शेवटी टॉर्च सोडून फक्त चंद्र उरला.

"चंद्र बंद कर," कात्री हळूच म्हणाला.

"तुला काय जातंय बोलायला?"

तिला रडू यायचंच बाकी होतं. चंद्रही गेला तर आईला दाखवायचं काय? तरी तिने तो बंद केला. टॉर्चचा झोत ठेवला आणि नाव वाचता यावं म्हणून काजव्याएवढा एक दिवा. मग काळ्या पडद्याकडे बघत बसली असताना तिला काहीतरी सुचलं.

"टॉर्च लागायच्या आधी मला नुसता अंधार हवाय. पूर्ण एक सेकंद."

कात्रीने तिच्याकडे पाहिलं. "दीड घे," तो म्हणाला, आणि जाहिरातीची ठरलेली लांबी वाढू नये म्हणून शेवटच्या पाणी पिण्याच्या शॉटला, जो त्याचा अगदी लाडका होता, त्याने कात्री लावली.

सभागृहात आई पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसली. पिल्लू जिन्याच्या टोकाशी आलं आणि पडदा काळा झाला. आईने दिवटीचं मनगट घट्ट धरलं. टॉर्च लागली, पहिल्या पायरीवर पिल्लाचा थरथरता पाय दिसला आणि अख्खं सभागृह हसलं. आई जरा उशिरा हसली.

"काय गं, तो अंधार कुणी केला?"

"मी."

"मेले, जीव गेला ना माझा!" आई म्हणाली. मग पुढची जाहिरात सुरू झाली तरी पलीकडच्या अनोळखी बाईंना सांगत राहिली, "मघाचा तो अंधार होता ना, तो माझ्या मुलीने केलाय."