काळी पट्टी कोणी काढली?

मित्रांनो, मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. म्हातारी माणसे गोड बोलतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. मी संतापलेलो आहे.

माझे मालक घड्याळजी. दिवसभर घड्याळे दुरुस्त करून ते संध्याकाळी माझ्यापुढे बसत आणि दोन बोटांनी टाइप करत: कोणते घड्याळ का बंद पडले, कसे चालू झाले. अकरा वर्षांत दोन फ्लॉप्या भरल्या. भरलेल्या फ्लॉपीच्या कडेला असलेल्या खाचेवर ते काळी चिकटपट्टी लावत. पट्टी असली की मला फ्लॉपी फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मला बघायला शेजारी येत, तेव्हा ते मला आधी पुसून घेत.

मग नवे कॉम्प्युटर आले आणि मी माळ्यावर गेलो. फायली कॉपी करायच्या प्रोग्रामची फ्लॉपी त्यांच्या मुलाने कपाखाली ठेवून ठेवून खलास केली. कोणाला त्याचे काही वाटले नाही.

यंदा मालकांना विसरायला होऊ लागले. हातात चमचा धरून ते विचार करत बसतात. लेकीला मात्र सारखे सांगत, "माझी वही त्या डब्यात आहे गं." डबा म्हणजे मी. ती वही त्यांना वाचून दाखवावी म्हणून लेकीने मला खाली काढले. फ्लॉप्यांना बुरशी लागत होती, म्हणून आधी त्यांची नक्कल हवी होती. कॉपीच्या प्रोग्रामसाठी तिने चार महिने जुने कॉम्प्युटर जपणाऱ्यांना पत्रे लिहिली. एक प्रोग्राम आला तो दुसऱ्याच जातीच्या कॉम्प्युटरचा. दुसरा अर्ध्यावरच मान टाकी. तिसरा एका निवृत्त मेकॅनिकने पाठवला, तो झकास चालला. सोबत चिठ्ठी होती: मूळ फ्लॉपीची पट्टी काढू नका.

लेक वडिलांना औषध द्यायला उठली, तेवढ्यात तिचा भाऊ माझ्यापुढे बसला. चिठ्ठी त्याने वाचली नाही. पट्टी मळकट दिसते म्हणून या शहाण्याने ती नखाने खरवडून काढली. मला फ्लॉपी घालायची फट एकच, त्यामुळे फ्लॉप्या आळीपाळीने घालाव्या लागतात. "मूळ फ्लॉपी घाला," मी पडद्यावर लिहिले. त्याने कोरी घातली. "आता कोरी घाला." त्याने वडिलांची घातली. मला नाही म्हणता येत नाही. कोरीची नक्कल मालकांच्या फ्लॉपीवर चढवून पहिल्या सहा वर्षांचे लिखाण मी माझ्याच हाताने पुसले, आणि मला त्याचा अजून राग येतो.

"काय केलंस रे?" बहिणीने विचारले.

"अगं, ते सारखं आत-बाहेर करायला सांगत होतं. मला वाटलं, कुठलीही आधी घातली तरी चालेल."

"आणि पट्टी कुणी काढली?"

तो नखे बघत बसला.

दुसऱ्या फ्लॉपीची नक्कल बहिणीने स्वतः केली आणि ती वडिलांना वाचून दाखवली. ते मान डोलावत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "छान. आता याच्या आधीचं वाच."

मित्रांनो, माझी कीव नको. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण पडद्यावरची ओळ वाचल्याशिवाय बटण दाबू नका, आणि दुसऱ्याने लावलेली पट्टी काढण्याआधी ती का लावली ते विचारा. मालक अजून रोज विचारतात, "आधीचं कधी वाचायचं?" आणि मुलगा रोज सांगतो, "उद्या वाचू, बाबा."