मोतीबाईचं मुकं घर

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी मोतीबाईचं घर. नातू बबलू आला तेव्हापासून त्या घरातून आवाज बाहेर पडला नव्हता.

सून रूपाचं हे पहिलं बाळ, दोन महिने आधीच जन्मलेलं. धुळ्याच्या दवाखान्यात ते काचेच्या पेटीत होतं, तेव्हा नर्स ओठांवर बोट ठेवायच्या. मोतीबाईने ते बोट मनात पक्कं धरलं आणि नातवाबरोबर घरी आणलं. बकरीच्या गळ्यातलं घुंगरू काढलं. कोंबडा शेजारच्या कोकिळाकडे धाडला. रूपाच्या बांगड्यांना चिंधी गुंडाळली. आणि स्वतःचा गळा मिटून घेतला. कानबाई देवीची गाणी म्हणायला जिला चार गावांतून बोलावणं यायचं, ती आता भाकरसुद्धा खुणेने मागायची. बबलू दिवसभर झोळीत. कोणी मोठ्याने बोललं की ती डोळे वटारून कुजबुजायची, "हळू बोल व, पोऱ्या कच्चा शे!"

रूपा झोळीत डोकवायची. बाळाची मान तहानलेल्या कपाशीच्या रोपासारखी एका अंगाला कललेली. कोकिळाचा धाकला नातू अंगणात पालथा पडून डोकं उचलायला लागला, तशी रूपा पुन्हा झोळीशी गेली. माझा हा मान धरील ना?

धुळ्याच्या केंद्रात अशी आधी जन्मलेली बाळं तपासत. तिथल्या हेमलताताईंनी बबलूला हळूच पालथं घातलं. त्याने नाक चटईत खुपसलं आणि तसाच पडून राहिला.

"वय मोजताना दोन महिने मागे धरले, तरी आता मान धरायला हवी होती," त्या म्हणाल्या. "घरी याच्याशी बोलतं कोण?"

"कोनीच नही," मोतीबाई ताठ मानेने म्हणाली. "बठ्ठं घर गुपचूप शे."

सगळं घर गुपचूप, हे ऐकून हेमलताताई हसल्या नाहीत. तिच्याजवळ खाली बसल्या. "आजी, पेटीत होता तेव्हा शांतता हवीच होती. आता याचा मेंदू भराभर वाढतोय. त्याला तुमचा आवाज हवा, हात हवा, जमीन हवी. झोळीतून काढा, थोडा थोडा वेळ पालथा घाला, आणि समोर तुम्ही राहा. उद्याच मान धरेल असं नाही म्हणत मी. पण हे दिवस दवडू नका."

परतीच्या एसटीत मोतीबाई खिडकीकडे तोंड करून बसली. रूपाला वाटलं, सासूबाई रागावल्या. पण गावात उतरताच म्हातारी तडक कोकिळाकडे गेली आणि कोंबडा काखेत मारून आली. "आरव रे बाप्पा, आरव!"

मग अंगणात गोधडी अंथरली. बबलू पालथा, समोर आजी पालथी. गंजलेला गळा पहिल्याच ओळीला फाटला, तरी ती गात राहिली.

ऊठ ऊठ रे राजा, दारे सूर्य उना,
डोकं वर कर, देख गाव तुना.

बबलू रडला. दुसऱ्या दिवशीही रडला. कधी गाण्यातच झोपी गेला. रूपाने बांगड्यांच्या चिंध्या सोडल्या आणि त्याच्या कानाशी किणकिण सुरू केली.

कोकिळा कुंपणावरून खिदळली, "काय व मोतीबाई, नातूना पहिले तूच रांगाले लागनी?"

"तू बी ये! पडीसन दोन शब्द बोल त्यानासंगे."

आणि कोकिळा खरंच आली.

पुढच्या खेपेला केंद्रात हेमलताताईंनी खुळखुळा वाजवला. बबलू ढिम्म. लाल चेंडू दाखवला. ढिम्म. रूपा पुढे वाकून त्याला हाका मारू लागली.

"सर व माय बाजूले," म्हणत मोतीबाईने लुगडं खोचलं आणि सगळ्या आयांदेखत चटईवर पालथी पडली. कोणीतरी फिस्सकन हसलं. तिने सूर लावला. ऊठ ऊठ रे राजा...

बबलूच्या कपाळाला आठी पडली. डोकं उचललं, डुगडुगलं, धपकन पडलं. आजीने दुसरी ओळ उचलली. आणि त्या ओळीबरोबर डोकं वर आलं, छाती वर आली, दोन्ही कोपर चटईत रुतले. आवाज कुठून येतो ते शोधत त्याने मान फिरवली. आजी सापडली. बोळकं तोंड भरून हसलं.

आयांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सवयीने रूपाचं बोट ओठांवर गेलं, तसं मोतीबाईने ते खाली ओढलं.

"वाजू दे व! आते त्याले बठ्ठं ऐकू दे."