दोन स्क्रू

भंगारवाला मागच्या खोलीतून माझी मोटरसायकल ओढत होता आणि नवरा त्याला सांगत होता, "सांभाळून, भिंतीचा रंग जाईल." काळजी भिंतीची! मी हातातली पिशवी तिथेच टाकली आणि दारात आडवी उभी राहिले.

"हात लावायचा नाही."

"अगं, सव्वीस वर्षं बंद आहे ते धूड," नवरा म्हणाला. "कॉइल गेलेली. कशाला अडगळ?"

"रविवारपर्यंत चालू झाली नाही तर मी स्वतः ढकलत नेऊन देईन. तोवर नाही."

भंगारवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि रविवारी येतो म्हणून शहाण्यासारखा निघून गेला.

ती मोटरसायकल माझ्या वडिलांची, त्यांच्यामागे माझी. कॉलेजला तिच्यावरून गेले, नोकरीला तिच्यावरून गेले. चेन, प्लग, पॉइंट, सगळं माझं मीच करायचे. मुलीच्या वेळी सहावा महिना लागला तेव्हा नवऱ्याने ती मागच्या खोलीत ठेवली, तात्पुरती म्हणून. मुलगी वर्षाची झाल्यावर मी किका मारमारून दमले, पण गाडी चालू होईना. नवरा म्हणाला, मिस्त्रीला दाखवली होती, कॉइल गेलीय आणि या मॉडेलची आता मिळत नाही. आत मुलगी रडत होती. मी गाडीवर चादर टाकली. पुढे वर्षातून एकदा तरी विचारायचे, आणि दर वर्षी तेच उत्तर मिळायचं.

आता नाक्यावरचा मिस्त्री चार दिवस आमच्या मागच्या खोलीत राबला. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. टाकीत रॉकेल आणि मूठभर नट-बोल्ट घालून आम्ही दोघांनी ती घुसळली, तेव्हा कुठे गंज निघाला. कार्बोरेटरची बारीक भोकं मी तारेने साफ केली. टायर नवे घातले. नवरा मधूनमधून डोकवायचा, "काही होत नाही" म्हणायचा आणि जायचा. माझ्या तोंडात आलेल्या शिव्या मी मिस्त्रीच्या मानाखातर गिळायचे.

शनिवारी दुपारी प्लग बाहेर काढून किक मारली. ठिणगी नाही. मिस्त्रीने कॉइलला मीटर लावून बघितलं, परत बघितलं.

"ताई, कॉइल ठणठणीत आहे की!"

मी त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. पॉइंटचं झाकण हातभर अंतरावर होतं, दोन स्क्रूंचं. आत दोन छोटे ठिपके असतात, ते एकमेकांना टेकून सुटले की ठिणगी पडते. मी झाकण काढलं. त्या ठिपक्यांच्या मधोमध जाड कागदाचा कपटा बसवलेला होता.

तो मी चिमटीने ओढून काढला. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा होता. त्यावर नवऱ्याच्या जुन्या ऑफिसच्या फोनचे शेवटचे तीन आकडे.

ही युक्ती माझीच. बाजारात गाडी लावताना पॉइंटमध्ये कपटा सारायचा, म्हणजे चोर किका मारून मरतो पण गाडी हलत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ती मोठ्या कौतुकाने नवऱ्याला शिकवली होती. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात ते हेच.

तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून नखं काढत बसला होता. मी कपटा त्याच्या पेपरवर टाकला.

त्याने तो लगेच ओळखला. नेलकटर खाली ठेवलं.

"पोर पोटात होती," तो म्हणाला. "तू ऐकणारी होतीस का?"

"मग झाल्यावर काढायचा होता!"

"काढणार होतो. मग राहूनच गेलं."

"राहून गेलं? दर वर्षी विचारत होते मी! दर वर्षी तोंड वर करून कॉइल, कॉइल! मिस्त्रीला दाखवली म्हणे! लाज नाही वाटली?"

त्याने कापलेली नखं पेपरच्या एका कोपऱ्यात गोळा केली. मग चिडून म्हणाला, "एवढी गाडीतली जाणकार तू. दोन तर स्क्रू होते. उघडून बघायचं होतंस."

मी कपटा उचलला आणि मागच्या खोलीत परत गेले. त्या वाक्याचा राग मला त्याच्या खोटेपणापेक्षा जास्त आला.

रविवारी भंगारवाला दहाला हजर झाला. मिस्त्री आधीच आला होता. तिसऱ्या किकेला मोटरसायकल खोकली, पाचवीला निळा धूर ओकत सुरू झाली. भंगारवाला दोन पावलं मागे सरकला आणि मिस्त्रीने टाळी वाजवली.

नवरा फाटकाशी आला. "कुठे निघालीस? सवय नाही आता तुला."

मी कपटा त्याच्या हातात ठेवला. "हा जपून ठेवा. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी शोधा. हा मला काढता येतो."

आणि निघाले. गिअर पायाला आपोआप सापडत होते. कोपऱ्यापर्यंत मी आपल्याच वाक्यावर खूश होते. मग लक्षात आलं, काढता तर तेव्हाही येत होता. मी दात-ओठ खाऊन ॲक्सिलरेटर पिळला.